हनुवटीची ओळख

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. दाजींनाही सांग. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. कितपत ठीक आहे ते पुढे येईलच.

मी फोन उचलत नाही याचा राग तू बाबांना सांभाळणाऱ्या बाईंवर काढलास. त्यांनी मला तो शब्दन् शब्द ऐकवला. "तुमची बहीण भारी तापट हो," म्हणाल्या. मी म्हटलं, "मला विचारा, लहानपणी धपाटे मीच खाल्लेत." त्या हसल्या, पण फोन उचलायलाच हवा होता, ही तुझी बाजू काही सोडली नाही. तुझी परीक्षेला बसलेली लेक काय म्हणते? गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नकोस म्हणून सांगितलं असताना तू गच्चीवर कपडे वाळत घालायला जातेस, हे दाजींनी मला कळवलंय. त्यांना चुगलखोर म्हणू नकोस.

आता फोनचं. अक्कलदाढ काढली, बोलता येत नाही, असं मी तुला आणि इथेही सगळ्यांना सांगितलं होतं. ती थाप होती. दाढा सगळ्या जागच्या जागी आहेत. मी हनुवटीचं ऑपरेशन करून घेतलं. आत सिलिकॉनचा तुकडा बसवून हनुवटी पुढे आणली.

"डोकं फिरलंय का याचं?" असं तू मोठ्यानं म्हणाली असशील. म्हण. पण पत्र फाडू नकोस.

चष्म्याच्या दुकानात काम करणं म्हणजे काय, ते तुला ठाऊक नाही. चारी बाजूंनी आरसे. गिऱ्हाईक नवी फ्रेम लावून मान वळवतं आणि त्याच्या चेहऱ्याशेजारी माझा चेहरा असतो, बाजूनं दिसणारा. ओठ संपले की थेट गळा. वर्षानुवर्षं दिवसभर तेच बघितलं. कोणी हिणवलं नाही, कोणी नाकारलं नाही. मलाच नको झालं होतं. बास, एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं आहे की नाही हे मलाही कळत नाही.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. मी सिनेमातल्या नटासारखी हनुवटी मागेन असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, कोणाला कळता कामा नये. त्यांनी लहानातला लहान तुकडा निवडला. चीर हनुवटीच्या खालून दिली, ती आता शोधूनही सापडत नाही. सुरुवातीला चेहरा भोपळ्याएवढा सुजला होता. पट्टी, सूप, उशांना टेकून झोप. खालचा ओठ असा जड की 'प' म्हणायला गेलं की वाराच सुटायचा. तुला फोनवर काय सांगणार होतो?

सूज उतरली आणि ताई, खरंच सांगतो, कोणाला म्हणजे कोणालाच कळलं नाही. मालक म्हणाले, "बारीक झालास का रे?" बाईंना वाटलं, मी केस वेगळे कापलेत. हात लावला तर हाडासारखीच लागते. आधी कडा जाणवायच्या, आता त्याही नाहीत. हसलो की बरोबर हलते. बनवलेली वस्तू इतकी आपलीशी दिसू शकते, यावर माझा विश्वास नव्हता. फक्त वरची कातडी अजून बधिर आहे. संवेदना येईल हळूहळू, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. कोणाची पूर्ण येतेच असंही नाही, हेही त्या म्हणाल्या होत्या.

आणि मला ती आवडते. हे लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की मला ती आवडत नसेल.

आता बाबांचं सांगतो. झटका आल्यापासून त्यांना चेहरे ओळखू येत नाहीत. मागच्या खेपेला तुला ते 'नर्सबाई' म्हणाले आणि तू स्वयंपाकघरात जाऊन रडलीस. मला मात्र ते ओळखतात, असं मी तुला सांगत आलो. तुला वाटलं असेल, मी रोज डोळ्यांसमोर असतो म्हणून. तसं नव्हतं. रोज सकाळी मी त्यांना चहा द्यायचो तेव्हा मीही परकाच असायचो. ते मला ओळखायचे फक्त रविवारी, माझी दाढी करताना.

पातं काढलेला वस्तरा मी त्यांच्या हातात द्यायचो. त्यांचं सलून बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी ब्रश हातात आला की त्यांच्या हाताची थरथर थांबते. मी खुर्चीत बसायचो. ते फेस करायचे, लावायचे, आणि मग हनुवटी धरायचे. आपली हनुवटी मागे, म्हणून कातडी ताणली जात नाही आणि वस्तरा अडखळतो. त्यासाठी ते ओठाखाली अंगठा रोवून खाली ओढायचे. ही पकड ते फक्त दोघांसाठी वापरायचे, आरशातल्या स्वतःसाठी आणि माझ्यासाठी. अंगठा बसला की म्हणायचे, "आलास का रे लबाडा?" मग फेस वाळेपर्यंत ते माझे बाबा असायचे. तुझीही चौकशी करायचे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. एवढं एक माझ्यापाशी राहू दे, असं वाटायचं.

ऑपरेशनच्या आधी हे सगळं मला माहीत होतं ना? होतं. पण चेहरा आणि ती पकड यांची सांगड माझ्या डोक्यात घातलीच गेली नाही. मला वाटायचं, ते मला ओळखतात. ते हनुवटीला ओळखत होते.

सूज होती तोवर रविवारी मी काहीतरी निमित्त काढून दुकानात जायचो. परवाच्या रविवारी पहिल्यांदा खुर्चीत बसलो. त्यांनी फेस लावला. अंगठा ओठाखाली आला आणि घसरला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा चाचपलं, दोन्ही हातांनी. मी आरशात बघत होतो म्हणून मला कळलं, कारण बधिर कातडीला त्यांचा अंगठा लागतच नव्हता. बाबा माझी हनुवटी धरून उभे होते आणि मला काहीच जाणवत नव्हतं.

मग त्यांनी हात काढला, टॉवेलला पुसला आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, पहिल्यांदाच आलात वाटतं."

मी म्हटलं, "बाबा, मी आहे."

"हो हो. बसा की. पण जरा थांबाल का? रविवारी माझा मुलगा येतो. त्याची दाढी आधी करतो, मग तुमची."

मी तोंडावरचा फेस पुसला आणि भिंतीकडच्या बाकावर बसलो. ते ब्रश भिजवत उभे राहिले. दार वाजलं की बघायचे. बाई भाजी घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्याकडेही त्यांनी आशेनं बघितलं. शेवटी मला म्हणाले, "आज उशीर झालाय त्याला. तुम्हाला घाई असेल तर जा."

मी डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. तुकडा काढता येतो. पण कातडी आधीसारखी बसेल याची हमी नाही, पुन्हा सूज, पुन्हा महिने. बाबांकडे तेवढे महिने आहेत का, हे त्यांना विचारायचं नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

ताई, तुझी हनुवटी अजून तीच आहे, बाबांसारखी मागे. तू लग्नाच्या फोटोत ती पदरानं झाकली होतीस. या रविवारी ये. गुडघ्याला पट्टा बांध, पण ये. मी खुर्ची मांडून ठेवतो. फेस लावला तर लावून घे, हसू नकोस. अंगठा बरोबर बसेल. मग ते म्हणतील, "आलास का रे लबाडा?" तू त्यांना सुधारू नकोस. तू ओ दे.

मी बाकावर बसून ऐकेन.

तुझा,
धाकटा