न येणाऱ्या देवांना आवतण

३ एप्रिल

मी नास्तिक झाले! सकाळी चहा गाळेपर्यंत नुसती बायजा होते. दूधवाला सांगून गेला.

झालं ते असं. मृणालने — माझी नात, अलिबागला कॉलेजात शिकते — माझे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, फोनवर घेतले. मी धवलारीण. आमच्यात भटजींनी अक्षता टाकल्या तरी धवलारीण गायल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. पालीच्या गणपतीपासून वेशीवरच्या देवापर्यंत एकेकाला नाव घेऊन मांडवात बोलवायचं — हळदीला, चुलीला, नवरीला. पन्नास वर्षं बोलावतेय. गाणी संपल्यावर मृणाल विचारते, "आजी, येतात का गं हे देव?" मी म्हटलं, "कुठले येतात! एकही देव पंगतीत बसलेला बघितला न्हाय मी. नाहीतच, तर येतील कुठून?"

पोरीने ते जसंच्या तसं गावाच्या ग्रुपवर टाकलं. आता रडतेय. म्हटलं रडू नको, वही आण. अक्षर तुझं, तोंड माझं. आणि ही वही ग्रुपवर टाकायची नाही!

४ एप्रिल

रिक्षावाला कान्हा दारात थांबला. "आजी, माझं लगीन तू लावलंस. तुझा देवच न्हाय, मग माझं लगीन लागलं का न्हाय?"

"का रे, सुटायचंय?"

"मी न्हाय, बायको विचारतेय!"

बायको मागे बसली होती. ती हसली नाही. ती खरंच विचारत होती.

५ एप्रिल

हरी आला. त्याच्या तेजस्वीचं लग्न वीस तारखेला. तिच्या आजीला मी गायले, आईला मी गायले. तिलाही मीच गाणार हे सांगायचीसुद्धा गरज नव्हती. आज हरी उंबऱ्यावरच घुटमळला. पाणी दिलं तर हातात धरून बसला.

"गुरुजी बोलतात..."

देवदत्त गुरुजी म्हणजे देवळाचे विश्वस्त. निवृत्त मास्तर, सकाळची पूजाही तेच करतात. त्यांची अट — पुढच्या शनिवारी देवळाच्या पायरीवर उभं राहून चार माणसांसमोर म्हणायचं, माझा देवावर विश्वास आहे. नाहीतर मांडवात बसायचं नाही.

"एवढं तर बोलायचंय, आजी. तुझं काय जातंय?"

"हरी, मला इश्वास न्हाय. देवळाच्या पायरीवर खोटं बोलू? आणि नास्तिक मी?"

पाणी न पिता गेला. एकदा मांडवातून उठवलेल्या धवलारणीला पुन्हा कोणी बोलवत नाही. त्याला ठाऊक, मलाही ठाऊक.

७ एप्रिल

मला हा शब्द चिकटवलाय तर त्याचा अर्थ तरी कळू दे! गेले गुरुजींच्या वाडीत. ते सुपारी कातरत बसले होते.

"बायजाबाई, शास्त्राप्रमाणे वेदांना प्रमाण न मानणारा तो नास्तिक. ईश्वर न मानणारेही काही आस्तिकांत मोडतात."

"म्हणजे मी सुटले?"

"तुम्ही वेद मानता?"

"गुरुजी, आमच्या पणज्याला वेद ऐकू दिला असता, तर मानतो की न्हाय ते आज मला सांगता आलं असतं."

अडकित्ता तेवढा चालू राहिला.

घरी मृणालचं वेगळंच. देव नाही असं ठाम म्हणणारा एक, नुसता विश्वास नसलेला दुसरा, मला ठाऊक नाही म्हणणारा तिसरा — आणि तिसऱ्याला नास्तिक म्हणायचं की नाही यावर शिकलेल्यांची भांडणं! "तू कितवी, आजी?" म्हटलं, बाजारात पापलेटं लावतात तशी मला वाट्यात लावू नको.

सुनेचं सोपं. चतुर्थीला बोंबील खाते ती नास्तिक.

येसूबाईला विचारलं. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो. ती म्हणाली, "जो दुसऱ्याच्या मयताला येत न्हाय, तो नास्तिक. बाकी समदी बडबड." मला पटलं. पण त्या मापाने गावातले निम्मे आस्तिक बाद होतात की!

९ एप्रिल

मृणालला वाटतं माझ्यावर मोठं दुःख कोसळलं असणार, म्हणून मी देवावर रुसले. सारखी खोदून विचारते.

नाही गं बाई. तुझा आजा गेला तेव्हा मी देवाला बोल लावला नाही. रुसायला तरी समोर कुणी लागतं. मला एकदा हळद दळताना कळलं, एवढंच. दात पडल्यावर जीभ त्या जागी जाते आणि तिथे काही नसतं, तसं. दुखलं नाही. जीभ आणखी थोडे दिवस जात राहिली. मग सवय झाली.

तिचा चेहरा पडला. गोष्ट मोठी हवी होती तिला!

१२ एप्रिल

शनिवार. पायरीवर गेले नाही. घरी बसून कालवणाचा जवळा निवडला.

१४ एप्रिल

हरीने तोड काढली. मांडवात फोन लावून धवले वाजवणार. कुणाचे? माझेच, मृणालने घेतलेले! दुसरे आहेत कुणाचे? मी चालत नाही, माझा गळा चालतो.

वर मला समजवायला आला. "आजी, जो देवाला भीत न्हाय तो नास्तिक. आणि भीत न्हाय, तो काम नीट कसं करील?"

आता मात्र मी उठले. हरी, म्हटलं, तुझ्या लग्नात पाऊस आला. मांडव गळत होता, समदी माणसं शेजारच्या पडवीत पळाली. तू आणि तुझी बायको पाटावर, आणि मी. ऐकायला चौथं माणूस नव्हतं. चार ओळी गाळल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? मी एक ओळ गाळली न्हाय. तेव्हाही माझा देव नव्हता. कुणी बघत नाही हे पक्कं ठाऊक असून जी काम चोख करते, तिला तुमच्यात नास्तिक म्हणत असाल तर लावा पाटी माझ्या दाराला!

हरी म्हणाला, "तसं न्हाय आजी." कसं, ते सांगितलं नाही.

तेजस्वी काल नळावर भेटली. नुसती बघत उभी राहिली. तिचं ते बघणं मला हरीच्या बोलण्यापेक्षा लागलं. दुपारी जेवण गेलं नाही. हे लिही मृणाल, खोडू नको.

१६ एप्रिल

तेजस्वीच्या नवरदेवाची आई पालीपलीकडून थेट आली! नीराबाई नाव. दोन एसट्या बदलून, घामाघूम. मागून हरी धापा टाकत.

बाई दारातच म्हणाली, "फोनवर लावलेलं लगीन आमच्यात चालत न्हाय. कान आमचे हायेत, तोंड पण माणसाचं पायजे. तुम्ही देव मानत न्हाय म्हणे?"

"न्हाय मानत."

"ओळी येतात?"

"समद्या."

"अर्ध्यात उठून जाल?"

"कधी न्हाय."

"मग बसा मांडवात. वाढणाऱ्या बाईला भूक लागलीय का, ते मी कधी विचारलं न्हाय." आणि हरीकडे वळून — "तुमच्या गुरुजींना सांगा, वरपक्षाला हीच बाई पायजे. न्हायतर आम्ही अंगणात उभे राहू, पोरगा पाटावर बसणार न्हाय."

हरी "हो हो" करत मागे सरकला तो माझ्या तुळशीवर आपटला. (तुळस आहे दारात. खोकल्याला.)

ही बाई मला आधी का भेटली नाही!

१९ एप्रिल

हळद. गुरुजी आले. हरीने त्यांना पुढे खुर्ची दिली, अगदी माझ्यासमोर. माणसं एकमेकांना कोपरं मारत होती. येसू माझ्या मागे गच्च बसली, कुणी उठवलं तर आधी मला उठवा म्हणत.

सगळ्यांना बोलावलं. गणपतीला, कुलदैवतांना, वेशीवरच्याला, समुद्राला, मेलेल्या आजी-पणजीला. प्रत्येकाला बसायला पाट दिला, पाय धुवायला पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं. तेजस्वीच्या गालाला हळद लागली तेव्हा ती मला चिकटून रडली. पोरीने माझा पदर पिवळा केला.

गुरुजी शेवटपर्यंत बसले. जाताना हात तेवढे जोडले — देवाला की मला, कळलं नाही.

२० एप्रिल

लग्न लागलं. आवाज बसला. कान्हाच्या बायकोने पानात दोन लाडू जास्त वाढले.

२३ एप्रिल

देवदत्त गुरुजी आले. एकटेच. चहा नको म्हणाले, मग प्यायले. पावसाचं बोलले, गुडघ्याचं बोलले. उठता उठता म्हणाले, "बायजाबाई, नसलेल्याला इतकं गोड कसं बोलवता? मला शिकवाल? सकाळची पूजा फार दिवस जड जातेय."

मला चेष्टा सुचली नाही. म्हटलं, बसा.

मृणालला आत्ता म्हटलं, हे कुणाला कळता कामा नये. शपथ घे.

"कुणाची, आजी?"

"माझी."