बोहनीची चौकशी

४ ऑगस्ट
दुकान उघडलं. दुकान म्हणजे फोन. केराबाईंनी शिवलेल्या चार गोधड्या, चार फोटो. मागच्याच गल्लीत राहतात. आतापर्यंत उमरीच्या दुकानदारासाठी शिवायच्या. तो निम्म्या भावात घेतो, पण रोख देतो.
खातं तपासायला ऑनलाइन विक्रीच्या कंपनीनं एक रुपया टाकला. के.ना दाखवला. ‘‘चला, पोचला तरी.’’

५ ऑगस्ट
उदगीरहून मामा मुक्कामी. अडतीत जन्म गेला. ‘‘अक्का, बोहनी घरच्या मानसाच्या हातची पाहिजे. अन् उधार न्हाई.’’ त्यांचा फोन बटणांचा. म्हणून माझ्याच फोनवरून तीन गोधड्या मामांच्या नावानं उदगीरच्या पत्त्यावर घेतल्या. पैसे माझ्या खात्यातून, मामांनी तेवढेच रोख मला दिले. मग फोनला विभूती लावली.

९ ऑगस्ट
चौथी गोधडी पुण्याच्या एका बाईंनी घेतली. ओळख ना पाळख. के.नी नाव दोनदा वाचायला लावलं.

१५ ऑगस्ट
चारही पोचल्या. ‘मिळणार’खाली पूर्ण रक्कम, ‘मिळाले’खाली शून्य.
‘‘बाईनं पैसे देल्ते न्हवं?’’
‘‘दिले.’’
‘‘मंग कुणापाशी हायत?’’
कंपनीपाशी. सात दिवस गोधडी परत करायची मुभा, तोवर ठेवतात.
‘‘म्हंजे सात दिवस पांघरून बघायची?’’
असंच असावं.

२३ ऑगस्ट
सात दिवस झाले. नव्या विक्रेत्याचे पहिले पैसे आणखी आठवडाभर ठेवतात म्हणे. आधीच लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं. तेव्हा समजल्यासारखं वाटलं होतं.
के.ना माझ्याकडचे देऊ केले. घेईनात. ‘‘तुमचे घेतले की ते उसने. मला गोधडीचे पाहिजेत.’’

३० ऑगस्ट
‘मिळणार’ रिकामं. नवा रकाना: ‘रोखलेले’. विक्रेत्यानं स्वतःचाच माल घेतल्याचा संशय. विकणारा फोन आणि घेणारा फोन एकच. पुण्याच्या बाईंचे पैसेही त्यातच अडकले, ते का कळत नाही.
मदतीच्या नंबरवर मुलगी. ‘‘चौकशी चालू आहे मॅडम.’’ किती दिवस? ‘‘चौकशी चालू आहे मॅडम.’’
मामांना कळवलं. ‘‘यात लबाडी कुठंय? माल घेतला, पैसे देले, रोज पांघरून झोपून राहिलो. येऊन बघा म्हनाव.’’ मग जरा वेळानं, ‘‘अनोळखी मानूस बोहनी कशाला करंल, अक्का?’’
हे कंपनीला कोणत्या शब्दांत सांगायचं.

२ सप्टेंबर
कंपनीचा प्रश्न आला. तीन गोधड्या घेणारा तुमच्या ओळखीचा आहे का? हो / नाही. कारण लिहायला जागा नाही. मुदत तीन दिवस.
आमच्या कॉलेजातले देशमुख सर म्हणाले, ‘‘नाही म्हणा. सगळे तेच म्हणतात.’’ मामा म्हणाले, ‘‘हाव म्हन. नातं काय लपवायचं असतंय?’’
हो म्हटलं तर त्यांचा संशय खरा. नाही म्हटलं तर मी खोटी. यात लबाडी नेमकी कुठल्या उत्तरात आहे?
उमरीचा दुकानदार परवा येणार. त्याचं कापड एकदा घेतलं की के. दिवाळीपर्यंत त्याच्या. मग माझ्या दुकानात ठेवायला काही नाही.

४ सप्टेंबर
सकाळी ‘हो’ दाबलं. लगेच उत्तर: नोंद झाली, चौकशी चालू.
दुपारी के. आल्या.
‘‘काय म्हनले?’’
‘‘मामा ओळखीचे का, विचारलं. हो म्हणून कळवलं.’’
‘‘आता देतील?’’
‘‘माहीत नाही.’’
‘‘उमरीवाला माझ्या दारात बसून राहिलाय. कापड आनलंय त्यानं. हाव म्हनू का न्हाई?’’
मी फोन पुन्हा उघडला. त्यांना वाचता येत नाही. तरी जवळ सरकल्या, आणि आम्ही दोघी ‘चौकशी चालू’ या ओळीकडे बघत बसलो.