तीस उंडे

शुक्रवार, संध्याकाळ, पेडणे

अजून हसू आवरत नाही. चोरटी दारू हद्दीपलीकडे नेणारी ती टोळी चार जणांची, असं साहेब छातीठोक सांगत होते. मला पटेना. म्हणून दारोदार पाव घालणाऱ्या पोदेराला टोळीच्या अड्ड्याच्या घराबद्दल विचारलं. तो म्हणाला, "हवालदार, त्या घराक पयलीं चार उंडे लागताले. आतां रोज तीस!" माणशी दोन पाव धरले तर पंधरा जण! साहेबांनी म्हापशाहून जादा शिपाई मागवले, नाहीतर आम्ही पाच जण मार खाऊनच आलो असतो.

सकाळी कुंपणाआड लपलो. पोदेराने भोंपू वाजवला आणि म्होरक्या स्वतःच दार उघडून, पिशवी घेऊन बाहेर! हात धरला तर म्हणतो, "हवालदारानू, पाव तरी घेऊंदे." घेऊ दिले. ठाण्यावर त्या सगळ्यांना दोन-दोन वाटले. एकही उरला नाही.