कळंब्यात बिबट्या नाही

८ डिसेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. उद्या कुणी विचारलं की विजयसिंह, त्या दिवसांत तू नेमकं काय केलंस, तर हाताशी काहीतरी पाहिजे.

काल कॉलनीच्या ग्रुपवर फोटो आला. कळंबा तळ्याच्या कट्ट्यावर ऐटीत बसलेला बिबट्या. मी ग्रुपचा ॲडमिन. जबाबदारी ओळखून वर 'खात्रीशीर!!! मुलांना बाहेर सोडू नका' असं लिहिलं आणि सगळीकडे पाठवला. आज शाळेची व्हॅन रिकामी गेली. दूधवाला गेटवरूनच परत.

दुपारी तेजस्वीनं कॉलेजवरून आल्या आल्या फोटो मोठा करून दाखवला. बिबट्याला दोन शेपट्या. मागच्या पाटीवरची अक्षरं जगातल्या कुठल्याच भाषेतली नाहीत. "बाबा, एआयचं चित्र आहे हे," म्हणाली. आपल्याच पोरीनं जरा हळू बोलायला हरकत नव्हती.

मला ती दुसरी शेपटी फांदी वाटली होती. कुणालाही वाटेल.

ठराव: यापुढे पडताळणी केल्याशिवाय एक अक्षर पुढं पाठवायचं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

कागल एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो मी. बिल, चलन आणि माल जुळल्याशिवाय एक बोल्ट आत घेत नाही. तीच शिस्त बातमीला लावायची. हे आधी कुणालाच कसं सुचलं नाही?

जेवणाच्या सुट्टीत अभ्यास सुरू केला. सुट्टी संपल्यावरही चालू होता. साहेब दोनदा मागं येऊन उभे राहिले. त्यांना विषयाचं गांभीर्य नाही.

एक उत्तम चॅनेल सापडलं. दीड लाख लोक बघतात. माणूस कोट घालून बसतो, मागं पुस्तकांचं कपाट. तो सांगतो, बिबट्या माणसाला घाबरतो, भर वस्तीत येणं अशक्य. आवाजातच खात्री आहे. तेजस्वी म्हणाली, हाच बाबा मागच्या आठवड्यात मुतखड्यावर काढा सांगत होता. एका माणसाला दोन विषय येऊ शकतात.

ग्रुपची सेटिंग बदलली. आता फक्त ॲडमिन लिहू शकतो. अफवांचा नळच बंद.

१० डिसेंबर, बुधवार

समोरच्या बंगल्यातले दस्तगीरभाई गेटवर भेटले. पिठाची गिरणी आहे त्यांची. शुगर वाढल्यामुळं डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. पण तो फोटो आल्यापासून घरात बसून आहेत.

"राव, खरं काय ते सांगा की. सकाळी तळ्यावर जाऊ का नको?"

म्हटलं, अभ्यास चालू आहे, उद्या निर्णय देतो.

निर्णय हा शब्द बोलून झाल्यावर बरं वाटलं. परवाच्या फोटोनंतर लोक माझ्याकडं बघून हसतात. ते थांबवायचं तर उत्तर ठाम पाहिजे.

११ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळ

बायको, निशिगंधा, गच्चीवरून धावत खाली आली. वाळलेले कपडे वरच टाकून. म्हणाली, "अहो, बिबट्या हाय. मागच्या मोकळ्या प्लॉटच्या भिंतीवर. आत उडी टाकली त्यानं. मी बघितला."

मी शांत राहिलो. घरात एकानं तरी शांत राहावं लागतं. विचारलं, फोटो काढलास का?

"फोटो? पळू का फोटो काढत बसू!"

अंतर किती, उजेड किती, चष्मा होता का, सगळं विचारलं. चष्मा होता, पण आधी बघितलं आणि मग तो पदराला पुसला म्हणे. म्हणजे बघताना काच मळकी. इथंच पुरावा लंगडा पडला. कोटवाल्याच्या व्हिडिओखाली दोघांनी लिहिलंय की तिन्हीसांजेला मोठं कुत्रंसुद्धा बिबट्यासारखं दिसतं. ते तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "वीस वर्सं झाली लग्नाला. कुत्रं आणि बिबट्या मला कळत न्हाय व्हय?"

तिनं वनविभागाला फोन लावला. तिकडचे लोक उजाडताच येतो म्हणाले, तोवर कुणी बाहेर पडू नका असंही सांगितलं. मी म्हटलं, ते फोनवर सगळ्यांनाच असं सांगत असणार. निशिगंधा म्हणाली, ग्रुपवर टाका. टाकलं नाही. एकाच आठवड्यात दोनदा खोटा बिबट्या सोडला, तर कॉलनीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

"मग मी सांगून येतो घरोघर," म्हणून ती बॅटरी आणि तेजस्वीला घेऊन निघाली. बायको दारोदार फिरून माझ्याविरुद्ध बोलणार! नाइलाजानं मेसेज टाकावा लागला:

'सखोल पडताळणीअंती: कळंब्यात बिबट्या नाही. अफवांवर विश्वास ठेवू नये. तळ्यावर फिरण्यास हरकत नाही. – ॲडमिन'

लगेच अंगठे यायला लागले. पहिला अंगठा दस्तगीरभाईंचा.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळ

बाहेर आरडाओरडा. खिडकी उघडायच्या आधी फोन बघितला. कुठंच बातमी नव्हती. म्हटलं, भांडण असेल.

मग दस्तगीरभाईंच्या बायकोची, नजीराभाभींची किंकाळी.

निशिगंधा पहारेकऱ्याची काठी उचलून पळाली. मागं तेजस्वी, स्टीलचं ताट बडवत. मी दारात. चपला सापडत नव्हत्या. दोन्ही पायांत होत्या, हे नंतर कळलं.

दस्तगीरभाई गेटपाशी पडलेले. फिरायचे बूट, कानाला मफलर. डावा खांदा आणि दंड रक्तानं भरलेला. तो माझ्यासमोरून गेला, भिंतीला घासून, घाई नसल्यासारखा. शेपटी एकच.

दुपार

वनविभागाची माणसं वाटेतच होती. मागच्या रिकाम्या बंगल्यात बिबट्याला कोंडलं, गुंगीचं इंजेक्शन मारलं, जाळीत घालून नेलं. लोक टाळ्या वाजवत होते. मी घरात होतो. मेसेज डिलीट केला. आता तिथं 'ॲडमिनने हा मेसेज डिलीट केला' असं दिसतंय, ते जास्त वाईट दिसतंय. शिवाय स्क्रीनशॉट सगळ्यांकडं आहे.

दस्तगीरभाईंवर ऑपरेशन. जीव वाचला म्हणतात. कोण म्हणतंय, कुठून कळलं, हे आज विचारलं नाही. वाचला म्हणतात, एवढं पुरे.

१३ डिसेंबर, शनिवार

खुलासा लिहायला घेतला. मुद्दे पाच. उपलब्ध माहितीच्या आधारे. सद्हेतूने. कोटवाल्याच्या व्हिडिओची लिंक जोडणार होतो. व्हिडिओ गायब आहे. त्या जागी नवीन: 'बिबट्या वस्तीत का येतो? मी आधीच सांगितलं होतं.' तोच कोट.

तेजस्वीनं खुलासा वाचला. म्हणाली, "बाबा, पाठवू नका." निशिगंधा कालपासून फक्त 'जेवायला या' म्हणते.

पाठवला नाही. भाषा अजून थोडी सुधारायची आहे.

१४ डिसेंबर, रविवार

निशिगंधाबरोबर दवाखान्यात गेलो. खुलासा प्रिंट काढून खिशात. दस्तगीरभाई उशीला टेकून बसलेले, हात छातीशी बांधलेला. नजीराभाभी संत्रं सोलत होत्या. आधी मलाच फोड दिली.

मी खिशात हात घातला, तेवढ्यात तेच बोलले. "वैनी आलत्या त्या दिवशी सांगायला. म्याच त्यास्नी म्हटलं, वैनी, तुमी भ्यालाय. विजयसिंहराव एवढा अभ्यास करत्यात, खात्री केल्याबिगर लिहायचं न्हाईत." रागावून नाही, सहज सांगितलं. मग अगदी मनापासून विचारलं, "राव, नेटवरच चुकीचं आलतं व्हय?"

मी म्हणालो, "व्हय. नेटवरच चुकीचं होतं."

ते म्हणाले, "वाटलंच मला. तुमचा काय दोष?"

निशिगंधा उठली आणि पाण्याची बाटली भरायला गेली. बाटली भरलेलीच होती.

येताना गाडीवर मागं बसली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा कानाशी म्हणाली, "त्यांचा हात असा झाला, तरी आणि एकदा फसवलासा त्यास्नी."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. गाडी वळवली.

दवाखान्याच्या दारात वॉचमननं अडवलं. "पावणं, भेटायची वेळ संपली." म्हटलं, दोनच मिनिटं, महत्त्वाचं बोलायचंय. "पेशंटचं कोण तुमी?" शेजारी म्हटलं. "मग पाचला या."

म्हणून दोघं बाहेरच्या बाकावर बसलोय. वही घरी आहे, हे फोनवर लिहितोय. खुलाशाचे कागद समोरच्या डब्यात टाकले. आत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते काही केल्या जुळत नाही. शेवटी निशिगंधालाच विचारलं, काय म्हणू?

ती म्हणाली, "बघा की नेटवर."