सहा आठवडे पाय टेकायचा नाही

४ मार्च

चि. छकुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तुझी प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली की मला धड काही सांगता येत नाही, म्हणून लिहितो. आमच्या कंपनीत लग्न झालेले विरुद्ध सडेफटिंग असा फुटबॉलचा सामना होता. बेचाळिसाव्या वर्षी सड्यांची अब्रू राखायला गेलो आणि कुणी धक्काही न देता गुडघा पिरगळून पडलो. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आता तीन जिने बसून बसून चढतोय, कारण आमच्या इमारतीला लिफ्टच नाही. हसून घे.

एमआरआय झाला. लिगामेंट पार तुटलंय आणि गुडघ्यातली गादीही फाटलीय. सर्जन भला माणूस आहे, कागदावर गुडघा काढून त्याने सगळं समजावलं. मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून तिचं नवं लिगामेंट करायचं, हे ठरलंच. प्रश्न आहे गादीचा. टाके घालून ती वाचवायची, तर सहा आठवडे पाय टेकायचा नाही, अंघोळीपासून सगळ्याला माणूस लागणार. नाहीतर फाटलेला भाग कापून टाकायचा, मग थोड्याच दिवसांत चालता येतं. गादी टाके धरेल का ते कॅमेरा आत गेल्यावर कळेलच, पण माझी तयारी त्याला आधी कळायला हवी आहे. घरी कोण आहे, असं त्याने विचारलं. कुणी नाही म्हणालो, आणि कापाच म्हणून सांगून टाकलं. ऑपरेशन अठराला आहे. तू रजा काढून धावत येऊ नकोस.

भाचीला गोड पापा. घरात सगळ्यांना नमस्कार. लोभ आहेच, रागावलीस तरी तो कमी करू नकोस.

तुझा,
दादा


८ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. माझी मैत्रीण ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, गादी वाचत असेल तर वाचवावी. कापली तर आज बरं वाटतं, पण गुडघा लवकर झिजतो. तुझं काम लिफ्टच्या खड्ड्यात उकिडवं बसून करायचं. पन्नाशीत काय करणार आहेस?

डॉक्टरांना म्हणालास, घरी कुणी नाही. आमचं घर तळमजल्यावर आहे आणि दिवसभर तिथे एक माणूस असतो. त्याचं नाव घ्यायला तुझी जीभ का रेटत नाही, ते मला ठाऊक आहे. ‘सगळ्यांना नमस्कार’मध्ये त्यालाही कोंबलंस. मुलीच्या वाढदिवसाला भरल्या ताटावर तू म्हणालास, की पुरुषासारखा पुरुष ओट्याशी उभा राहतो, आईचं अंग पुसतो, आणि बायकोच्या पगारावर जगायची त्याला लाज वाटत नाही. सगळे हसले. तोही हसला आणि तुला वाढायला पुढे आला. आतल्या खोलीत सासूबाई जाग्या होत्या. त्या अंथरुणाला खिळल्यावर नोकरी सोडायचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं, हे तू कधी विचारलंच नाहीस.

तुझ्यासाठी मी त्याला विचारणार नाही. तुझं बोलणं सावरून घ्यायचं काम मी आजवर पुष्कळ केलं. तुझं तू विचार. लाज तुझी आहे, तिच्यापायी गुडघा का घालवतोस?

माया पातळ झालेली नाही, एवढं खात्रीने सांगते.

तुझी,
छकुली


१२ मार्च

श्री. जावईबापूंस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मला लाज वाटते. आधी हेच लिहितो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

काल न्हाणीघरात घसरलो. लागलं नाही, पण काही केल्या उठता येईना. शेवटी हाका मारल्या. शेजारच्या शिक्षिकाबाई त्यांच्याकडच्या किल्लीने आत आल्या, माझ्या अंगावर टॉवेल टाकला, बखोटीला धरून उभं केलं आणि चहाही करून दिला. मी मान वर करून आभारसुद्धा मानले नाहीत. त्या गेल्यावर खाटेवर बसून राहिलो. तुमच्या आईंना रोज असंच कुणाच्या तरी हाती जावं लागतं, आणि ते हात तुमचे आहेत म्हणून त्यांना ते सोसतं. त्याच आईंनी माझं बोलणं ऐकलं. कुठे तोंड लपवू असं झालं.

आजवर मी ती थट्टा होती असं म्हणत आलो. थट्टा नव्हती. तुमचं भरलेलं घर बघून मला माझ्या कुलूपबंद खोलीत परत जावं लागणार होतं, ते खुपत होतं. तुमची माफी मागतो. आईंची समोर येऊन मागेन.

आता मागणं. सहा आठवडे मला ठेवून घ्याल का? नाही म्हणालात तर राग धरणार नाही, डॉक्टरांना कापा म्हणून सांगितलेलंच आहे.

तुमच्या लोभावर माझा हक्क नाही, तरी मागतो.

आपला,
छकुलीचा दादा


१५ मार्च

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. खोटं कशाला लिहू, मला फार लागलं होतं. त्यानंतर मुलीच्या शाळेत कुणी कामधंद्याचं विचारलं, की छोटासा व्यवसाय आहे म्हणून मी वेळ मारून न्यायचो. आई तर मला सोडून नोकरी धर म्हणून मागे लागली होती. उट्टं काढायला लिहीत नाही, पण हे तुम्हाला माहीत असावं.

या. आईच्या खोलीत दुसरी खाट मावते. आई म्हणाली, त्याला आणून टाक, पत्ते खेळायला कुणी नाही. लबाडी करते, जपून खेळा. सैल हाफ पँट आणा. लाज पहिले काही दिवस वाटेल. आईला वाटली, मलाही वाटली. नंतर पाणी फार गरम नाही ना, एवढंच विचारायचं उरतं.

सकाळी छकुलीकडून नंबर घेऊन तुमच्या डॉक्टरांना फोन केला. तुमचा होकार त्यांना तुमच्याच तोंडून हवा आहे, या पत्राचा फोटो लगेच फोनवर पाठवतो, वाचून तेवढा आजच कळवा. घरी कोण बघणार, असं त्यांनी विचारलं. बहिणीचा नवरा, म्हणालो. मी कामावर गेल्यावर दिवसा कोण असेल, असं ते विचारायला लागले. तेव्हा मी सांगितलं, की मी घरी असतो, माणसं सांभाळतो, तेच माझं काम आहे. कुणाला तरी हे सरळ सांगायची माझी ही पहिलीच वेळ. ते म्हणाले, मग टाक्यांची तयारी ठेवतो.

लोभ तुम्ही ठेवा, बाकीचं मी बघतो.

आपला,
जावई