माझं स्वतःचं, स्पष्ट मत

शनिवार, ५ एप्रिल. सकाळ.

ही भावाकडे गेली. थोडे दिवस राहते म्हणाली. बॅग मोठी नेली आहे, पण हिला सामान जास्त घ्यायची खोडच आहे. कारण विशेष काही नाही. काल साहेब आणि त्यांच्या मिसेस जेवायला आले होते, सगळं झकास झालं. गेल्या रविवारच्या सिनेमावर मी बोललो. त्यातली आई जेवायला बसताना एक ताट जास्त मांडते, ते गेलेल्या मुलाची वाट बघते म्हणून नाही, तो गेलाय हे तिच्या हाताला अजून कळलेलं नाही म्हणून. साहेब चाट पडले, म्हणाले, दर सोमवारी चहाला परीक्षक असंच ऐकवतात. मिसेसनी तर घास खाली ठेवला. मध्येच ही काहीतरी बोलायला लागली तेव्हा मी गमतीने म्हटलं, हिला सिनेमातलं काय कळतंय, ही नुसते रुमाल भिजवते. सगळे हसले. हीपण हसली, बहुतेक.

तेव्हा ते कारण नसणार. मला वाटतं गीझर असावा. दुरुस्त करून घ्या म्हणून कधीची मागे लागली आहे. गीझर झाला की येईल.

तोवर संकल्प. दर रविवारी एकट्याने सिनेमा. कानाशी कुणाची कुजबुज नाही, घरी चालत येताना चिरफाड नाही. आणि त्यावरचं माझं स्वतःचं, स्पष्ट मत इथे लिहायचं. पंपांच्या सुट्या भागांच्या गोदामात मला सगळे परीक्षक म्हणतात, ते काही उगाच नाही.

रविवार, ६ एप्रिल.

दुपारचा शो. दीपगृह सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याचा सिनेमा. मत: सुरुवात चांगली आहे. म्हातारा जिना चढतो. बराच वेळ चढतो. त्यानंतर डोअरकीपर मला हलवून सांगत होता, काका, उठा, संपला.

ही झोप नव्हे. मी डोळे मिटून एकाग्र होतो. लग्नापासून असाच सिनेमा बघतो. बाहेर पडल्यावर ही बोलते, त्यात राहिलेलं सगळं कळतं. ती बोलते तो कच्चा माल. सोमवारी गोदामात मी त्याला आकार देतो. आज माल नव्हता इतकंच.

सोमवार, ७ एप्रिल.

अकराच्या चहाला सगळे काउंटरपाशी जमले. साहेब, रिसेप्शनच्या बाई, डिस्पॅचवाला. कसा होता विचारलं. म्हटलं, जिना फार महत्त्वाचा आहे. बाईंनी विचारलं, म्हणजे नेमका कसा? म्हटलं, ते ज्याने त्याने शोधायचं असतं. डिस्पॅचवाल्याने बिस्किट बुडवलं, खाल्लं आणि दुसरं उचललं. एरवी माझं ऐकताना त्याचं बिस्किट चहात पडतं. आज एकही पडलं नाही.

रविवार, १३ एप्रिल. संध्याकाळ.

आज पूर्ण तयारीने गेलो. दोन कॉफ्या, सगळ्यात पुढची रांग, मुठीत किल्ल्या. डुलकी लागली की किल्ल्या पडणार आणि मी जागा होणार. फक्त दोनदा पडल्या. पुढे शेजारच्या माणसाने त्या काढून स्वतःकडे ठेवल्या. पण रागाने जागाच राहिलो. दोन बहिणी घर विकतात त्याचा सिनेमा.

मत: चांगला होता.

दोघी बहिणी आहेत.

घर आहे.

(वरच्या दोन ओळी खोडायच्या.)

चालत घरी आलो. बेकरीच्या कोपऱ्यावर आपोआप थांबलो. ही तिथे नेहमी थांबते, मुद्दा रंगात आला की हिला चालता येत नाही. मागून सायकलवाला आदळता आदळता वाचला, माझ्या अकलेबद्दल बोलून गेला. घरी आलो, दिवा लावला, चप्पल काढली. कुणी काही बोलेना. घर खायला उठणं म्हणतात ते हेच असेल. मी घाबरणारा नाही, पण रेडिओ लावला.

मग फोन केला. निमित्त, गाळणी कुठे आहे. म्हणाली, जिथे असते तिथेच. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, तो बहिणींचा बघितलास का. वहिनीबरोबर बघितला होता. आणि बोलायला लागली. म्हणाली, थोरली बहीण सगळं घर रिकामं करते पण स्वयंपाकघराला हात लावत नाही, सारखा चहा टाकत राहते. कारण चहा उकळतोय तोवर तिला कुणी नीघ म्हणू शकत नाही.

चहा मीही बघितला होता. पाच वेळा तरी. मला वाटलं तिला तल्लफ आहे.

सोमवार, १४ एप्रिल.

बिस्किट पडलं! दोन पडली. साहेब म्हणाले, परीक्षक, हे आमच्या मिसेसना येऊन सांगा.

अनुमान: रागावलेली बायको नवऱ्याशी इतकं बोलत नाही. राग गेला. हा आठवडा संपायच्या आत घरी. गीझरवाल्याला फोन केला.

शुक्रवार, १८ एप्रिल.

गीझर झाला. लगेच कळवलं. म्हणाली, बरं झालं, तुम्हाला गरम पाण्याची सोय झाली. पुढे काही नाही. म्हणजे गीझर नव्हता. बाल्कनीचं दार असेल. ते घासतं.

रविवार, २० एप्रिल.

पूल बांधणाऱ्या इंजिनिअरचा सिनेमा. मत: पूल मोठा आहे.

पुन्हा फोन. निमित्त, कुकरचं झाकण बसत नाही. ते खरंच बसत नव्हतं. मग पुलावर आलो. ती एकदम म्हणाली, उद्या सोमवार ना? म्हटलं, हो, रविवारनंतर तोच येतो. विनोद केला होता. ती म्हणाली, आज तुम्ही सांगा, तुम्हाला काय वाटलं. म्हटलं, आधी तू. म्हणाली, आजवर मीच सांगत आले. तुम्ही हं हं करायचात, मला वाटायचं माणूस दमलेला असतो पण मन लावून ऐकतो. किती बरं वाटायचं. मग त्या दिवशी जेवताना माझं ताटाचं वाक्य तुमच्या तोंडून ऐकलं. बोलताना मी ज्या शब्दापाशी थांबले होते तिथेच तुम्ही थांबलात. मी समोर वाढत उभी, आणि तुम्ही सांगताय हिला काय कळतंय.

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काय करायचं ते माहीत आहे, मी बाल्कनीत जातो. हे असलं हळू बोलणं मी ऐकलेलं नाही. छातीत कसंतरी झालं. दुपारी कॉफी जास्त झाली होती.

शेवटी म्हणाली, मला एक वाक्य सांगा, तुमचं स्वतःचं. चुकलं तरी चालेल. मग बघू.

म्हणजे दाराचा काही संबंध नाही! एक वाक्य! मी उगाच सुताराला बोलावलं. मागून मागून बाईने मागितलं काय, तर एक वाक्य. हा तर माझ्या हातचा मळ.

मंगळवार, २२ एप्रिल.

वाक्य सुचलं नाही. घाई नाही. चांगली गोष्ट मुरावी लागते.

बुधवार, २३ एप्रिल.

मुरलं नाही. गोदामात ज्यांनी ज्यांनी पूल बघितला होता त्यांना, संशय येऊ न देता, विचारलं. रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या, फार तरल आहे. साहेब म्हणाले, टेक्निकली दमदार. डिस्पॅचवाला म्हणाला, एवढ्या मोठ्या कामावर एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. तिन्ही सांधून असं झालं: टेक्निकली दमदार असूनही तरल असणाऱ्या या सिनेमात माणसाचं डोकं उघडं आहे. वाचून मलाच शहारा आला. यात साहेब, बाई, डिस्पॅचवाला कुणी ओळखू येत नाही.

फोन करून वाचलं. तिने विचारलं, तरल हा शब्द तुम्ही आयुष्यात कधी वापरला आहे का? आणि हसली. हसली असं आधी वाटलं. नंतर नाक ओढल्याचा आवाज आला, सर्दी असावी. तिच्या भावाकडे हवा फार येते.

म्हटलं, फोनवर मला नीट बोलता येत नाही. शनिवारी ये, बरोबर बघू, मग समोरासमोर सांगतो. म्हणाली, बरं. हिचं बरं मी ओळखतो. नाईलाजाचं वेगळं असतं. हे त्यातलं नव्हतं.

शनिवार, २६ एप्रिल. दुपार.

सिद्धता. दाढी केली. निळ्या शर्टाला इस्त्री. तिची उशी उन्हात टाकून आत आणली. केर काढला, कपाटाखालचाही. दूध जास्तीचं घेतलं. सकाळीच दोन तास झोपून घेतलं म्हणजे तिथे प्रश्न नको. रिक्षानेच आणावं तिला, बॅग मोठी आहे. पण बॅग ती सिनेमाला घेऊन येईल का? नसेल तर आधी तिकडे जाऊन बॅग, मग घर. हे ठरलं.

वाक्य तिथे सुचेल.

शनिवार, २६ एप्रिल. संध्याकाळी सात.

जागा होतो. शपथ. एक मिनिट डोळा लागला नाही.

पण सिनेमा बघितला नाही. हिच्याकडे बघत होतो. दिवे गेले आणि पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला, म्हटलं जरा बघू, आणि मग मान वळेना. ही हसण्याच्या जागी सगळ्यांच्या आधी हसते. सगळं थिएटर हसेपर्यंत हिचं हसून झालेलं असतं आणि ही बाकीच्यांचं ऐकत बसते. आणि रडत नाही. दुःखाच्या जागी रुमाल काढते, घडी घालते, मुठीत घट्ट धरते. भिजवत नाही. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की ही रुमाल भिजवते. एकदा, बघा ना, असं म्हणायला तिने माझ्या बाहीकडे हात आणला, आणि मध्येच परत नेऊन मांडीवर ठेवला. तो हात बघून मला रडू आलं. एसी फार होता.

सिनेमात एक घोडा होता वाटतं.

सुटल्यावर जिना उतरताना वाक्य शोधत होतो. पुढे कॉलेजच्या दोन मुली उतरत होत्या. एक दुसरीला म्हणाली, शेवटी दार उघडंच ठेवलं, म्हणजे त्याला गोष्ट संपवायचीच नव्हती.

फुटपाथवर ही थांबली. माझ्याकडे वळली. म्हणाली, सांगा. परीक्षा घेतल्यासारखं मुळीच नाही. तिला ऐकायचं होतं. मान थोडी कलती केली होती, मी बोललो की लगेच पकडायला. असं ती माझ्याकडे पूर्वी बघायची, लग्न नवं होतं तेव्हा.

म्हटलं, शेवटी दार उघडंच ठेवलं, म्हणजे त्याला गोष्ट संपवायचीच नव्हती.

ती बघत राहिली. त्या दोघी मुली आमच्यापासून चार पावलांवर बसची वाट बघत उभ्या होत्या. एकीने वळून बघितलं. मग बस आली. ही म्हणाली, जपून जा. आणि चढली. खिडकी पलीकडच्या बाजूची मिळाली तिला. अलीकडचीही रिकामी होती.

वाक्य चांगलं होतं. मुलीचा आवाज जरा मोठा होता, एवढंच नडलं.

रविवार, २७ एप्रिल.

सिनेमाला गेलो नाही. दूध नासलं.

सोमवार, २८ एप्रिल.

अकराचा चहा. कसा होता, विचारलं. काही तयारी नव्हती. म्हटलं, माहीत नाही, मी पूर्णवेळ बायकोकडे बघत होतो. ती सगळ्यांच्या आधी हसते, ते सांगितलं. रुमालाचं सांगितलं. बाहीपर्यंत आलेल्या हाताचंही सांगितलं. ठरवून काहीच बोललो नाही, येत गेलं ते बोललो, आणि त्या हातापाशी येऊन थांबलो.

रिसेप्शनच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. डिस्पॅचवाल्याचं बिस्किट केव्हाच बुडालं होतं, त्याने काढलंसुद्धा नाही. साहेब म्हणाले, परीक्षक, आजवरचं सगळ्यात भारी. कुठे वाचलंत?

म्हटलं, माझंच आहे. सगळे दिलखुलास हसले.

चहा तसाच टाकून मागे रबराच्या वायसरांच्या रॅकपाशी गेलो आणि तिला फोन लावला. तिच्या भावाने उचलला. ताई फोन घरी ठेवून सिनेमाला गेली म्हणाला. विचारलं, वहिनीबरोबर? नाही, एकटीच. आताशा एकटीच जाते, येते ती खुशीत असते, आम्हाला सगळी गोष्ट सांगते. कुठला बघायला गेली ते त्याला माहीत नव्हतं.

म्हणाला, काही निरोप आहे का? म्हटलं, आहे, आणि सांगायला लागलो. तो उजेड कसा पडला होता, तिथून. त्याने मध्येच थांबवलं. बिचाऱ्याच्या दारात कुणीतरी आलं होतं. म्हणाला, भाऊजी, थोडक्यात सांगा ना, मी सांगतो तिला.

थोडक्यात येईना. दोनदा प्रयत्न केला. मग म्हटलं, काही नाही रे, सहज केला होता.