पुढच्या शिडाचे दोर

१४ नोव्हेंबर १९५२

दोर सगळे कुजलेले! हातात घेतला आणि भुगा झाला. बोट मात्र ठणठणीत. चुन्नीलालशेठने नागपूरच्या कुणा विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाकडून घेतली आणि ट्रकवर घालून इथे नवेगावबांधच्या तलावावर आणून टाकली. शेठ गोंदियाचा लाकडाचा ठेकेदार. पाहुण्यांना बदकांच्या शिकारीला न्यायची हौस. "यादोराव, तुम जहाज पे थे ना? बस, इसको चला दो." जहाजावर होतो खरा — लढाईच्या काळात, मुंबईला. त्यानंतर इतकी वर्षं शेतात, धानाच्या बांध्यांतच. आज डोलकाठीला हात लावला आणि उगाच ऊर भरून आला.

१६ नोव्हेंबर

मोठ्या शिडाचं निभेल. खरा प्रश्न पुढच्या छोट्या तिकोनी शिडाचा, जिबचा. त्याच्या मागच्या कोपऱ्याला दोन दोर — एक डावीकडून, एक उजवीकडून, बोटीच्या काठावरच्या कडीतून थेट हातात. एक ओढायचा, दुसरा ढिला ठेवायचा. वारा जोरात आला की ओढलेलाही सोडून द्यायचा. सगळा खेळ हाताचा, म्हणून दोर नीट निवडावा लागतो. काथ्या तळहात सोलतो. सुताचा मऊ, पण भिजला की फुगतो आणि कडीत अडकतो. शेठने पाठवलेला घायपाताचा — तारेसारखा ताठ! रुख्माने दारातूनच ऐकवलं, "घरी अंबाडीचा वाख पडून हाये नं जी. आपनच वळू." बायकोला अक्कल आहे, हे तिच्या तोंडावर मात्र म्हणालो नाही.

१९ नोव्हेंबर

अंगणात दोर वळला. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. धनवंता मधून इकडून तिकडे उड्या मारत होती — आमची चार वर्षांची पोर, तिला सणच वाटला. करंगळीएवढा देखणा दोर उतरला. रुख्मा एकदम थांबली. "अजी, रगत!" माझ्या डाव्या करंगळीत पेड रुतून कातडं फाटलं होतं. "काऊन जी, दुखून नाई राहिलं काय?"

दुखतंय की, म्हणालो. खोटं. काहीच दुखत नव्हतं.

२० नोव्हेंबर

पेटती बिडी टेकवून पाहिली. करंगळी, शेजारचं बोट, तळव्याची कड. कातडं जळाल्याचा वास तेवढा आला.

२२ नोव्हेंबर

महारोग. लिहून टाकला एकदा.

तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी फागूची झोपडी आहे, गावापासून तुटून. कालपरवापर्यंत पंगतीत माझ्या शेजारी बसायचा. बोटं बधिर झाली, चुलीतला निखारा हाताने उचलला, लोकांनी पाहिलं. झालं! आता सख्खा भाऊ लांब भात ठेवून जातो. फागूच्या पोरीची ठरलेली सोयरीक मोडली, दुसरी आलीच नाही. रोग्याची पोर! औषध निघालंय म्हणतात. पण आणायला गेलो की कळलंच सगळ्यांना. मला स्वतःची भीती नाही असं नाही — खूप आहे. पण धनवंताला ते नाव लागता कामा नये. बाकी माझं काय व्हायचं ते होवो.

२७ नोव्हेंबर

दोर बदलला. करंगळीएवढा दोर डाव्या मुठीत आहे की सुटला, हेच मला कळत नाही. अंगठ्याएवढा नवा वळला — एकट्याने, खुंटीला बांधून. रुख्माने विचारलं, पहिल्याला काय धाड भरली? मी पीळ घट्ट करत राहिलो. नवा दोर कडीतून जेमतेम सरकतो. मधोमध दुमडून शिडाच्या कोपऱ्याला गाठ मारली. साहेबाने तिथे लोखंडी आकडा लावला होता, तो काढून फेकला. शीड फडफडलं की असला आकडा कपाळमोक्ष करतो. दोन्ही टोकांना गाठी, कडीतून निसटू नयेत म्हणून.

सुकाणू आणि दोर दोन्ही एकट्याला जमेना, म्हणून दोर धरायला शेजारचा दुधराम. बंडी हाकण्यात पटाईत, आणि तिथेच घोटाळा! घाबरला की ओढतो. बैल आवरायला कासरा ओढतात ना, तसा. इथे ओढलं की बोट आणखी कलते. मी ओरडतोय, "सोड! अरे सोड!" आणि हा म्हणतो, "सोडलं तं पळून जाईल नं!" कितीतरी दिवसांनी पोट धरून हसलो.

४ डिसेंबर

ताट वेगळं घेतो. अंथरूण पडवीत. खोकला आहे म्हणून सांगितलं. आज धनवंता पाठीवर चढायला आली, झिडकारली. भिंतीला टेकून हुंदके देत राहिली. मी तिच्याकडे न बघता दोराला जवसाचं तेल चोळत बसलो. नालायक माणूस आहे मी.

८ डिसेंबर

घालवली. दोघींना.

शेजारपाजारी ऐकतील असा भांडलो. "तुझं तोंड बघायचं नाही मला. दरेकशाला बापाकडे जा, परत येऊ नकोस." नवऱ्याने टाकलेली म्हणतील. म्हणोत! रोग्याची तर नाही म्हणणार. रुख्मा रडली नाही. एवढंच म्हणाली, "खरं काय ते सांगा जी. मी आयकून राहिली." मी आणखी शिव्या दिल्या. तिच्या आईचाही उद्धार केला, ती बिचारी मरून गेली तरी. बंडी निघाली तेव्हा धनवंता मला हात हलवत होती. गावाला जायचा आनंद!

घरात पाऊल टाकवत नाही.

१४ डिसेंबर

शेठ आला. एकटाच. आधी स्वतः बसून बघणार, मग पाहुणे आणणार. वारा चांगला होता. बोट अशी निघाली की घटकाभर सगळं विसरलो. मग तलावातल्या बेटाजवळ वाऱ्याचा झपाटा आला. "दुधराम, सोड!" आज त्याने शहाण्यासारखा सोडला. पण दोर कडीतून हलेना! भिजून फुगला होता. अंगठ्याएवढा घेतला ना मी, माझ्या मुठीसाठी! बोट कलली, पाणी आत यायला लागलं, शेठ रामराम म्हणतोय. सुकाणू टाकून धावलो, डाव्या हाताने दोर उपसला. तो एकदम सुटला आणि मुठीतून सरसरत गेला. बोट सावरली.

शेठ आधी पांढरा पडला, मग हसला. मग माझ्या हाताकडे बघून हसू थांबलं. "अरे यादोराव, खून! तुमको पता नहीं चल रहा क्या?" तळव्याची कड पार सोलली होती. दोर लाल. मी घाईने म्हणालो, कळतंय की शेठ, झोंबतंय! उशीर झाला होता. काठाला लागेपर्यंत शेठ पार टोकाला जाऊन बसला, धोतर आवरून.

१६ डिसेंबर

शेठचा निरोप: येऊ नका. दुधरामने अंगणाबाहेरूनच सांगितला.

२९ डिसेंबर

वाणी म्हणतो, पैसे जमिनीवर ठेवा. विहिरीवर बायका मला बघून घागरी उचलतात. कळलं सगळ्यांना. बरं झालं दोघी इथे नाहीत. आता लपवायला काही उरलं नाही, तर औषध तरी आणतो. उद्या नागपूर.

२ जानेवारी १९५३, नागपूर

डॉक्टरने अंगभर चट्टे शोधले. जंतू बघायला कानाची पाळी चिमटून, टोचून तिथलं पाणी काचेवर घेतलं. हातभर सुई टोचत गेला — इथे कळतं? इथे? मग कोपर चाचपत बसला. "लहानपणी हे मोडलं होतं का?"

मोडलं होतं. बंडीवरून पडलो होतो. वैदूने वाकडंच बसवलं, तेव्हापासून हात थोडा बाहेर वळतो. डॉक्टर म्हणाला, तिथली शीर इतकी वर्षं हाडावर घासत आली, म्हणून ती दोन बोटं बधिर झाली. महारोग नाही. मी पुन्हा विचारलं. "नाही म्हटलं ना!" — चिडलाच.

रस्त्यात उभा राहून रडलो. लोक बघत होते, बघू देत! धनवंताला उचलून घेता येईल. रुख्माच्या पाया पडेन. गाडी थेट दरेकशाला जाते, घरी न थांबता तिकडेच जातो.

४ जानेवारी, दरेकसा

रुख्मा गोवऱ्या थापत होती. सगळं सांगितलं. हात दाखवला, कोपर दाखवलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "रोग हाये असंच मी समजत व्हती. तुमी झोपले का सुई टोचून पाह्यली मी, हाललेच नाई. तरी बी तुमच्या उष्ट्या ताटात जेवलीच नं. पोरीले घेऊन कुठंबी राहिली असती तुमच्यासंग. तुमी मले इचारलंच नाई."

घरी चल, म्हणालो.

"नाई जी," म्हणाली, आणि पुढची गोवरी थापायला घेतली.